‘आवडत नाही’ म्हणतेस, पण त्यातलं नेमकं काय आवडत नाही?

तुझा प्रश्न थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तू मूळची नांदेडची, वय 27, नोकरी पुण्यात, आणि पुढच्या वर्षी लग्न होऊन मालवणच्या घरात जाणारेस. माहेरी चिकन-मटण चालतं पण मासे कधीच आणले गेले नाहीत, एकदा मैत्रिणीकडे रोहू खाल्लास तर त्याला मातकट वास आला आणि तेव्हापासून मासा म्हटलं की नको. शिवाय कारलं, शेपू, भेंडी, सुरण लहानपणापासून घशाखाली उतरत नाही, आणि वांगं तर एकदा खाऊन रात्रभर उलट्या झाल्या तेव्हापासून बंदच. आणि विचारतेस की ताई, मोठेपणी आवड खरंच बदलते का, का हे जन्मजात असतं आणि उगाच स्वतःवर जबरदस्ती करू नये?

ताई म्हणालीस म्हणून तू म्हणते. मी पुण्यात बरीच वर्षं मेस आणि डबे चालवले, आता स्वयंपाकाचे क्लासेस घेते. मेसमध्ये लातूरपासून रत्नागिरीपर्यंतची मुलं जेवायची, त्यामुळे कोणाच्या ताटात काय उरतं आणि सहा महिन्यांनी तेच पोरगं काय मागून घेतं हे रोज डोळ्यासमोर असायचं. त्यावरून सांगते, आवड बदलते, आणि बऱ्यापैकी बदलते, पण नुसतं वय वाढलं म्हणून बदलत नाही आणि कोणी डोळे वटारून खायला लावलं म्हणून तर अजिबातच नाही. त्या पदार्थातली नेमकी कुठली गोष्ट आपल्याला नको असते ते सापडलं की बदलते, कारण मग तेवढीच गोष्ट बदलून बघता येते. बहुतेक लोक पूर्ण भाजीलाच नको म्हणून मोकळे होतात, खरं तर त्यांनी ती भाजी एकाच पद्धतीने केलेली खाल्लेली असते, घरची किंवा हॉस्टेलची, आणि त्यावरून आयुष्यभराचा निकाल लावलेला असतो.

तर पहिलं काम हे की नाक चिमटीत घट्ट धर, एक छोटा घास तोंडात टाक, चार-पाच वेळा चाव आणि मग नाक सोड. ऐकायला विचित्र वाटेल पण करून बघ. जिभेला एकट्याने फारसं कळत नाही, गोड, आंबट, खारट, कडू आणि मांस-मशरूम-टोमॅटोत असते ती उमामी चव एवढंच, आणि तिखट ही तर चवच नाही, ती जळजळ आहे. बाकी आपण ज्याला चव म्हणतो ते सगळं घशाच्या मागच्या बाजूने नाकात जाणारा वास असतो, म्हणून तर सर्दी झाली की जेवण पाणचट लागतं. आता नाक धरून खाल्लं आणि तरीही नको वाटलं तर भांडण जिभेशी आहे किंवा पोताशी आहे, म्हणजे तोंडात कुरकुरीत, मऊ, बुळबुळीत कसं लागतं त्याच्याशी. नाक धरल्यावर ठीक होतं आणि सोडल्याबरोबर तोंड वाकडं झालं तर भांडण वासाशी आहे. तुझ्या यादीतल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर वेगळं येईल बघ, आणि उपाय पण म्हणून वेगवेगळे आहेत.

कारल्याचं उत्तर सरळ आहे, नाक धरून पण ते कडूच लागतं. आणि इथे तुझ्या ‘जन्मजात असतं का’ या शंकेत तथ्य आहे. माणसाच्या जिभेवर कडू ओळखणारे साधारण 25 प्रकारचे रिसेप्टर असतात आणि ते सगळ्यांचे सारखे नसतात. 1931 साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या लॅबमध्ये आर्थर फॉक्स नावाचा केमिस्ट पीटीसी नावाचा पदार्थ हाताळत होता, त्याची पावडर हवेत उडाली तर शेजारच्या सहकाऱ्याला ती भयंकर कडू लागली आणि स्वतः फॉक्सला काहीच लागेना, मग त्याने लोकांना चाखायला देऊन बघितलं तर माणसांचे सरळ दोन गट पडले. पुढे कळलं की हे आईवडिलांकडून येतं, आणि ज्यांना तो पदार्थ कडू लागतो त्यांना कोबी, मुळा, मोहरीच्या कुळातल्या भाज्याही जरा जास्त कडू लागू शकतात. कारल्यातले कडू पदार्थ वेगळे आहेत पण मुद्दा तोच, एकाच ताटातलं कारलं तुला आणि तुझ्या भावाला सारखं कडू लागतं असं समजायचं कारण नाही. त्यामुळे ‘एवढं काय त्यात, आम्ही नाही का खात’ असं कोणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस.

पण म्हणून कारलं सोडायचं असंही नाही, कारण मीठ कडूपणा दाबतं, नुसता खारटपणा आणत नाही, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी कारल्याच्या सगळ्या पाककृती याच ज्ञानावर बसवल्यात. लहान कोवळी कारली घे, मोठी जाड नको, बिया काढ, एकदम पातळ चकत्या कर, मीठ चोळून अर्धा तास ठेव, मग हातात घेऊन घट्ट पिळ, बराचसा कडू रस तिथेच जातो. मग जरा सढळ तेलात, मंद आचेवर, झाकण न ठेवता कुरकुरीत होईपर्यंत परत, शेवटी तिखट, किंचित गूळ, दाण्याचं कूट. या काचऱ्या भाजी म्हणून वाटीभर खायच्याच नाहीत, वरणभाताबरोबर दोन-चार चकत्या तोंडी लावायच्या, बस. मेसमध्ये कारल्याची रस्साभाजी केली की अर्धं पातेलं परत यायचं आणि काचऱ्या केल्या की पोरं स्वयंपाकघरात डोकावून उरल्यात का विचारायची, कारलं तेच, बाजार तोच. त्या जमल्या की मग चिंचगुळाचं पंचामृत, मग भरली कारली.

(एक गोष्ट इथेच सांगून टाकते कारण ती जिवाशी गाठ आहे. कारलं कडू असणं बरोबर आहे, पण दुधी, काकडी, दोडका हे जर कडू लागले तर तिथे मन मोकळं ठेवायचं नाही, सरळ टाकून द्यायचं. कुकुरबिटासिन नावाचं विष असतं ते, शिजवून जात नाही, आणि कडू दुधीचा रस ‘औषध आहे’ म्हणून डोळे मिटून प्यायल्याने आपल्या देशात माणसं दगावली आहेत. कापताना देठाकडची एक फोड जिभेला लावून बघायची सवय ठेव.)

शेपूचं बरोबर उलटं आहे. नाक धरून खाल्लास तर तो साधा पाला आहे, पालकाइतका निरुपद्रवी, सगळं प्रकरण वासाचं. आणि गंमत अशी की या वासाची आपली ओळख फार जुनी असते, बाळंतिणीला जेवणानंतर देतात त्या बाळंतशोपा म्हणजे शेपूचंच बी, आणि ग्राइप वॉटरमध्येही शेपूच्या बियांचं तेल असतं. आईने खाल्लेल्याचा वास बाळापर्यंत पोचतो यावर बरंच काम झालंय, फ्रान्समध्ये 2000 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, ज्या आयांनी गरोदरपणात बडीशेपेसारख्या वासाची अ‍ॅनिस खाल्ली होती त्यांची तान्ही बाळं त्या वासाकडे तोंड वळवत होती आणि बाकीची नव्हती. अमेरिकेत ज्युली मेनेला यांनी गाजराच्या रसावर असंच केलं, 2001 साली. म्हणजे आवड पोटातूनच शिकायला सुरुवात होते, आणि जी गोष्ट शिकलेली असते ती पुढे वाढवताही येते. स्वीडन-रशियात उकडलेल्या बटाट्यावर, माशावर शेपू पेरतात, गुजरातेत सुवाची भाजी म्हणून खातात, हा वास माणसाला मुळात झेपत नाही असं काही नाहीये.

तुझ्यासाठी शेपू कसा करायचा, तर पहिल्यांदा जुडीभर शेपू नकोच. तीन भाग पालक, एक भाग शेपू, जाड देठ काढून टाकलेले, भिजवलेली मूगडाळ, आणि लसूण भरपूर, म्हणजे सात-आठ पाकळ्या ठेचून तेलात चांगला लाल होऊ द्यायचा. शेपू डाळीबरोबर सुरुवातीलाच घाल म्हणजे शिजताना वास बराच उडून जातो, शेवटी वरून घातला तर तो डोक्यात जातो. पुढच्या वेळी दोनास एक, मग निम्मे निम्मे. ज्वारीच्या थालीपिठात घातला तर अजून सोपं. शेपूचे ढेकर येतात आणि बराच वेळ वास येत राहतो ही तक्रार खरी आहे, म्हणून रात्रीच्या जेवणात सुरुवात करू नकोस.

भेंडीचं भांडण पोताशी आहे, बुळबुळीतपणा. त्यावर फार लिहीत नाही कारण उपाय पक्का आहे. बुळबुळ पाण्याने वाढते, म्हणून आधी धुऊन कोरडी पुसायची मग चिरायची, तुकडे मोठे, कढई पसरट, आच मोठी, झाकण नाही, मीठ शेवटी, आणि आमसूल किंवा लिंबू हवंच कारण आंबटाने बुळबुळ तुटते. डब्यात वाफ धरलेली भेंडी खाऊन भेंडी नावडती झालेल्या लोकांची संख्या फार मोठी आहे, आणि त्यांना दही लावलेली कुरकुरीत भेंडी दिली की ते विचारतात ही कुठली भाजी.

सुरण मात्र वेगळा, तिथे नावड नसून घसा खवखवतो म्हणून भीती असते, आणि ती भीती योग्य आहे. सुरणात (आणि अळूत) कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते अक्षरशः टोचतात. आंबट घालून नीट शिजवला की त्रास जातो, म्हणून चिंचेच्या कोळात किंवा आमसुलाच्या पाण्यात उकडून ते पाणी फेकून द्यायचं, चिरताना हाताला तेल लावायचं, आणि गजेंद्र नावाची सुधारित जात मिळाली तर ती घ्यायची, ती फार कमी खाजते. मालवणात सुरणाचे काप करतात, उकडून, तिखट-मीठ-आगळ (कोकमाचा घट्ट रस) लावून, तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवून तव्यावर परतलेले. हे काप तू मनापासून करायला शीक, कारण ते तुला पुढे माशाकडे घेऊन जाणार आहेत, कसं ते खाली लिहिते.

आता वांगं. याचं कारण चव, वास, पोत यातलं काहीच नाही, याचं कारण ती उलट्यांची रात्र आहे. जॉन गार्सिया नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1955 मध्ये उंदरांवर दाखवलं की गोड पाणी पिताना त्यांना रेडिएशनने आजारी पाडलं तर ते नंतर त्या गोड पाण्यालाच तोंड लावत नाहीत, पाण्याचा काही दोष नसला तरी. मेंदू पोट बिघडण्याचा संबंध आधी खाल्लेल्या चवीशी जोडतो, मध्ये काही तास गेले तरी जोडतो, आणि एका वेळेतच जोडतो. ‘मला माहितीये वांग्याने काही झालं नव्हतं, पाणी खराब होतं’ असं कळून पण उपयोग नसतो, कारण हे समजुतीच्या पातळीवर होतच नाही. तुला तेव्हा वांग्यानेच झालं की दुसऱ्या कशाने हे आता कळणार नाही, पण एक विचारते, वांगं खाल्ल्यावर कधी तोंडाला खाज, ओठ सुजणं, अंगावर पित्त उठणं असं झालं होतं का? झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचार, पुढचं वाचूच नकोस. नुसत्या उलट्या असतील तर वांग्याचं ते जुनं रूप टाळायचं. तू खाल्लं होतंस ते भरलं वांगं असणार, मराठवाड्यात तेच होतं जास्त, शेंगदाणा-तीळ-गोडा मसाला. तर त्या वाटेला सध्या जाऊच नकोस. खानदेशी भरीत खा. मोठं, फिकट हिरवं, कमी बियांचं वांगं, जळगावच्या भरीताच्या वांग्याला तर जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि बामणोदची वांगी त्यासाठी नावाजलेली, तिकडे ती कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजतात. धुराचा वास, हिरवी मिरची-लसूण ठेचलेली, कांद्याची पात, वर तेल, सोबत कळण्याची भाकरी. त्यात तुझ्या मेंदूला त्या रात्रीची आठवण करून देणारं जवळपास काही नसतं. आधी भाकरीच्या एका तुकड्याला लागेल इतकंच. आणि पोट बरं नसताना, प्रवासात, पित्त झालेलं असताना अजिबात नको, नाहीतर जुनी गाठ आणखी घट्ट बसेल.

आता मासे, कारण मला वाटतं खरा प्रश्न हाच आहे. तू जो खाल्लास तो रोहू, गोड्या पाण्यातला. तळ्यातल्या माशांना जो मातकट वास येतो तो जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा, पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो त्यात तोच असतो, आणि आपलं नाक त्याच्या अगदी कणभर प्रमाणालाही पकडतं. म्हणजे तुझं नाक चुकलं नव्हतं, पण समुद्राच्या माशात ही भानगड नसते, त्यामुळे तू मालवणचा मासा अजून नाकारलेलाच नाहीस, तू तो खाल्लेलाच नाहीस. समुद्रातल्या माशाचा त्रास वेगळा असतो, त्यांच्या अंगात एक बिनवासाचा पदार्थ असतो, मासा मेल्यावर जसजसा वेळ जातो तसतसे जंतू त्याचं ट्रायमिथाईलअमाईन करतात आणि तो ‘मासळीचा वास’ सुटतो. ताज्या माशाला तो जवळजवळ नसतो. आणि आंबट लागलं की तो पदार्थ हवेत उडत नाही, म्हणून कोकणात मासा साफ केल्याबरोबर मीठ-हळद-आगळ लावतात आणि कालवणात कोकम असतंच असतं. चवीसाठी आहेच पण त्यामागे हे कारण पण आहे.

त्यामुळे पुण्यात बर्फात चार दिवस राहिलेला बांगडा आणून घरी ‘सराव’ करू नकोस, कृपा करून. तेलकट, गडद मांसाचा मासा आहे तो, शिळा झाला की सगळ्यात लवकर वास मारतो, आणि त्यावरून तू पुन्हा एकदा निकाल लावशील. मालवणला जाशील तेव्हा खा आणि पावसाळा सोडून जा, 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, त्या काळात मिळतं ते बरंचसं बर्फातलं किंवा बाहेरून आलेलं. दिवाळीच्या आसपास गेलीस तर उत्तम.

आणि मासा खायच्या आधी बाकीची ओळख करून घे. तुला चिकन आवडतं ना, मग कोंबडी-वडे खा. त्यात भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटप, मालवणी मसाला हे सगळं आलं, म्हणजे निम्मी चव ओळखीची झाली. सोलकढी रोज पी, कोकम आणि नारळाचा रस जिभेवर बसला की माशाचं कालवण परकं वाटत नाही. सुरणाचे काप आले म्हणजे तळलेल्या माशाचं वरचं कुरकुरीत कवचही ओळखीचं झालं. मग पहिला मासा सुरमईची तळलेली तुकडी, कारण तिला मधला एकच मोठा काटा असतो. मासे न खाणाऱ्या घरातल्या माणसाला चवीपेक्षा काट्याची धास्ती जास्त असते आणि ते कोणी बोलून दाखवत नाही, घशात काटा जाईल या भीतीने चावताना चव कळतच नाही. सुरमई जमली की पापलेट, मग कोळंबी, तिला काटे नाहीत आणि गोडसर असते, पण कोळंबी-खेकडे-तिसऱ्या पहिल्यांदा खाताना एकच खा आणि त्या दिवशी तेवढंच, कारण कवचवाल्या मासळीची अ‍ॅलर्जी मोठेपणी पहिल्यांदा कळू शकते. बांगडा त्यानंतर, तोही तिरफळं (कोकणातला एक वासाचा मसाला) घातलेला, तो वास इतका सुंदर असतो की माशाचा वास मागे पडतो. आणि सुकी मासळी सगळ्यात शेवटी, वर्षभराने म्हण, घाईच नाही. जेव्हा खाशील तेव्हा सुक्या जवळ्याची किसमूर खा, जवळा खरपूस भाजून त्यात ओलं खोबरं, कच्चा कांदा, कोकम, ताटात चिमूटभर, पेजेबरोबर.

किती वेळा प्रयत्न करायचा? लहान मुलांवर यावर बरंच काम झालंय, साधारण आठ ते पंधरा वेळा चाखलं की नवा पदार्थ स्वीकारला जातो असं सांगतात, आणि बहुतेक आईबाप तीन-चार वेळातच ‘हिला आवडत नाही’ म्हणून थांबतात. लीअ‍ॅन बर्च या अमेरिकन संशोधिकेने 1980च्या दशकात दोन गोष्टी दाखवल्या ज्या मला स्वयंपाकघरात रोज खऱ्या होताना दिसल्या. एक, नुसतं बघून सवय होत नाही, तोंडात जावं लागतं, कणभर का होईना. दुसरं, ‘हे संपव मग ते मिळेल’ असं बक्षीस लावलं की ज्या पदार्थासाठी बक्षीस लावलं तो उलट जास्त नावडता होतो. आपल्या घरोघरी ‘भाजी संपव मग आइस्क्रीम’ चालतं, त्याने मुलाला एवढंच कळतं की भाजी ही शिक्षा आहे. मोठ्यांना पण हेच लागू, स्वतःला लाच देऊ नकोस. भूक लागलेली असताना, ओळखीच्या जेवणाबरोबर, एक घास, आठवड्यातून एक-दोनदा, आणि नको वाटलं तर शांतपणे थांबायचं. चहा-कॉफी कोणाला पहिल्या घोटात आवडली होती? मिरचीने तर लहान मूल रडतं. आणि मिरची, बटाटा, टोमॅटो हे सगळं अमेरिका खंडातलं, सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या जहाजांमुळे हळूहळू आपल्याकडे आलं, आज ठेच्याशिवाय मराठवाड्यातलं जेवण डोळ्यासमोर येत नाही. कोणीतरी पहिल्यांदा ते तोंडात घातलंच असेल ना.

हे सगळं करून शेवटी एखादी गोष्ट नाहीच आवडली तर नाही आवडली. काही लोकांना कोथिंबीर साबणासारखी लागते, त्यातल्या काहींच्या बाबतीत वास ओळखणाऱ्या एका जनुकाचा संबंध सापडलाय, त्यांना किती समजावणार. आणि धर्माने, व्रताने, प्राण्यांच्या दयेने कोणी काही खात नसेल तर तो आवडीनिवडीचा विषयच नाही, तिथे ‘एकदा खाऊन तर बघ’ म्हणणं मला अजिबात पटत नाही. तसंच काही मुलांना आणि मोठ्यांनाही पोताचा इतका त्रास होतो की घास पुढे जातच नाही, उबळ येते, खाणं मोजक्या चार पदार्थांवर येतं, तिथे पाककृती पुऱ्या पडत नाहीत, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांना भेटावं.

सासरचं म्हणशील तर एकच करायचं, ताटात वाढायच्या आधी बोलायचं. वाढल्यावर बाजूला सारलेली तुकडी ही करणारीला लागते, विशेषतः तिने सकाळी बाजारात उभं राहून ती निवडून आणली असेल तर. ‘मला मासे आवडत नाहीत’ म्हणण्याऐवजी ‘मला अजून सवय नाही, मला एकच छोटी तुकडी द्या आणि काटा कसा काढायचा ते दाखवा’ असं म्हण. पहिल्या वाक्याने दार बंद होतं, आणि सासूबाई तुझ्यासाठी वेगळी बटाट्याची भाजी करायला लागतात, मग तीच सवय दोन्हीकडे पडते. दुसऱ्या वाक्याने त्या तुझ्या शेजारी येऊन बसतील. होणाऱ्या नवऱ्यालाही आत्ताच सांगून ठेव की मस्करी करायची नाही आणि फसवून खायला घालायचं नाही, ‘अगं चिकनच आहे’ म्हणून मासा वाढला आणि नंतर सगळे हसले की माणूस पुढची कितीतरी वर्षं त्या घरातल्या कुठल्याच वाटीवर विश्वास ठेवत नाही. आणि देवाणघेवाण दोन्हीकडून होऊ दे, तुझ्याकडची ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, येसर तिकडे ने. अंबाडी त्यांनाही पहिल्या घासाला आंबट लागेल, कण्या घालून, वर लसणाची लाल फोडणी देऊन कर आणि थोडीच वाढ.

आता तू या आठवड्यात कारल्याच्या काचऱ्या आणि भेंडी करून बघ, शेपू पुढच्या आठवड्यात. नाक धरून काय कळलं ते प्रत्येकाचं लिही. आणि सोलकढी आवडते का ते पण सांग, नसेल आवडत तर माशांचा क्रम मी वेगळा लावून देते, मग चिंचेवरच्या कालवणापासून सुरुवात करावी लागेल.